देवीच्या खांद्यावरचा गूळ

हडपसरच्या आमराईत वैशाखातले आठ दिवस काढायचे, म्हणून कसब्यातल्या त्या घरात चैत्रापासूनच धांदल उडायची. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांचा अंमल होता आणि त्रिंबकपंत श्रीमंतांच्या फडावर कारकून होते. फडावरच्याच एका स्नेह्याची हडपसरला बाग होती, बागेत कौलारू बंगली होती, बंगलीला वाळ्याचे पडदे होते. उन्हाळा आला की दोन्ही घरं मिळून तिथं मुक्कामाला जायची. सगळी जायची. एक बाई सोडून.

कारण देवघरातला नंदादीप. योगेश्वरीपुढचा तो दिवा त्रिंबकपंतांच्या आजोबांनी लावला, तो आजवर विझला नव्हता. त्यात तेल घालायला आणि देवीला नैवेद्य दाखवायला घरचीच सून लागे. सुना दोन. थोरली आनंदी, त्रिंबकपंतांची बायको. धाकटी भिवरा, त्यांच्या पाठच्या भावाची. मागं कोणी राहायचं, हे देवी ठरवी. सोनचाफ्याच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना लावायच्या, उजवी थोरलीची, डावी धाकटीची. जिची पाकळी आधी गळेल, तिनं घरी राहायचं. देवीचा कौल तो, त्यापुढं कोणाची काय बिशाद!

लागोपाठ दोन वर्षं डावी पाकळी पडली. दोन्ही वर्षं भिवरानं रिकाम्या घरात दिव्याला तेल घातलं, एकटीसाठी भात शिजवला आणि सगळे परत आल्यावर आमरसाची वर्णनं ऐकली. बागवाल्यांची सून सगुणा ही भिवराची माहेरची मैत्रीण, एका परकरातल्या दोघी. पण सगुणाकडं दोन वर्षं मजा मारून आली कोण, तर जाऊबाई! भिवराला बोलायची सोय नव्हती. देवीवर रुसून जाणार कुठं?

यंदा कौल लावायच्या दिवशी भिवरा स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी गूळ चिरत बसली होती. पाकळ्या लावायचं काम धाकटीचं. हाक आली तशी ती उठली, हात धुवायला तांब्याकडं वळली आणि थांबली. बोटाला गूळ चिकटला होता. तिनं हात धुतला नाही. इतकंच. नाही, इतकंच नाही, खोटं कशाला सांगा. देवघराच्या दाराशी तिनं बोटावरचा गूळ अंगठ्यानं चांगला मळून मऊ केला आणि मग डावी पाकळी चिकटवली.

सगळे हात जोडून उभे राहिले. उजवी पाकळी थोड्या वेळानं अलगद सुटून देवीच्या पायाशी पडली. डावी हलली म्हणून नाही. जाऊबाई हसून म्हणाल्या, "चला, सुटले बाई गाडीतल्या धक्क्यांतून." भिवराला त्या हसण्याचा राग आला, कारण त्या रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

बागेत पोचल्यावर मात्र ती हे सगळं विसरली. का विसरू नये? मोटेचं पाणी पाटातून खळखळत होतं, अढीतल्या आंब्यांचा वास सुटला होता, पुरुषमंडळी झाडाखाली गंजिफा खेळण्यात दंग होती आणि सगुणा तिच्या गळ्यात पडून "आलीस एकदाची, मेले!" म्हणत होती. दोघी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसल्या आणि तोंड दुखेपर्यंत बोलल्या. त्या दिवशी भिवरा आमरसाच्या तीन वाट्या प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासवडकडून एक गाडी आली. गाडीतून आधी एक करड्या चेहऱ्याची बाई उतरली आणि तिच्यामागं, पदर सावरत, मथी.

मथी ही जाऊबाईंची एकुलती लेक. गेल्या साली तिला सासवडला दिली. लग्नात मानपानावरून व्याह्यांचं बिनसलं आणि तेव्हापासून त्यांनी पोरीला माहेरचा उंबरा दिसू दिला नव्हता. दिवाळी गेली, संक्रांत गेली. जाऊबाई तोंडानं काही बोलत नसत. फक्त जेवताना पहिला घास हातात घेऊन क्षणभर थांबत, हे भिवरानं कितीदा पाहिलं होतं.

"मीच जमवलं!" सगुणा आनंदानं नाचायचीच बाकी होती. "व्याही थेऊरला चतुर्थीला निघालेत. म्हटलं, पोरीला एक रात्र आमच्याकडं ठेवा, माहेर थोडंच आहे हे! विहीणबाई कशाबशा कबूल झाल्या. उद्या दुपारी परत नेणार. मुद्दाम कोणाला बोलले नाही ग, म्हटलं आनंदीवहिनींना एकदम लेक दिसू दे!"

सासूची गाडी थेऊरकडं निघून गेली, तशी मथीनं वडिलांना नमस्कार केला, काकांना केला, काकूला केला. मग बंगलीच्या आत डोकावली. मागच्या पडवीत जाऊन आली. विहिरीकडं बघून आली.

"काकू, आई कुठाय?"

"दिव्यापाशी राहिल्यात," भिवरा म्हणाली. "कौल लागला."

पोर नुसती "हो का" म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

भिवरा तडक उठली. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ती वाळ्याच्या पडद्याआड उभी राहिली. "मी पुण्याला जाते दिव्यापाशी," ती पडद्यातून म्हणाली. "गाडी आत्ता जुंपली तर जाऊबाई संध्याकाळच्या आत इथं येतील."

त्रिंबकपंतांच्या हातातली गंजिफाची पानं खाली आली. त्यांचा चेहरा असा उजळला की भिवराला पडद्यातूनही दिसलं. मग तो हळूहळू विझला.

"नको," ते म्हणाले. "कौल देवीचा आहे. आपल्या सोयीसाठी तो मोडला आणि देवी कोपली, तर ती कोणावर कोपेल? पोर अजून सासरी रुळली नाही. तिच्या वाट्याला मला देवीचा कोप येऊ द्यायचा नाही."

"पण भावोजी..."

"काय?"

आता एकच वाक्य बोलायचं होतं. कौल देवीचा नव्हे, माझा. एवढं म्हटलं असतं की गाडी जुंपली गेली असती. सगुणा तिथंच उभी होती, सगुणाची सासू सुपारी कातरत होती, भिवराचे यजमान मान वर करून पडद्याकडं बघत होते. भिवरानं तोंड उघडलं. देवीला फसवणारी सून म्हणून जन्मभर मिरवायचं, तेही मैत्रिणीच्या सासरी! सगळ्या पेठांत बोभाटा झाला असता.

"काही नाही," ती म्हणाली. "बरं."

संध्याकाळी मथी तिच्याजवळ येऊन बसली. पोरीनं कापूस आणला होता आणि ती मांडीवर भराभर वाती वळत होती. "आईला वाती वळायचा कंटाळा," ती सांगत होती. "घरी होते तेव्हा मीच वळायचे. या तिला दे हं, काकू. वर्षभर पुरतील इतक्या करते."

वळता वळता तिनं विचारलं, "काकू, आईची पाकळी लगेच पडली का ग?"

"थोड्या वेळानं पडली."

"म्हणजे देवीच्याच मनात नसेल मी आईला भेटावं असं." मथीनं वात पुरी केली, बाजूला ठेवली, दुसरा कापूस घेतला. "सासूबाई म्हणतात माझंच काही तरी वाईट असेल. खरं असेल."

"नाही ग बाळा! असं म्हणू नकोस!" भिवरानं तिला एकदम जवळ ओढलं. मथीला वाटलं काकूची माया उफाळून आली. तिनं बिचारीनं काकूच्या कुशीत पोटभर रडून घेतलं. आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत गप्प बसली. लाज वाटत होती, स्वतःचा तिटकारा येत होता, तरी गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली आणि मथी गेली. जाताना तिनं वातींचं गाठोडं भिवराच्या हातात दिलं. आईच्या जुन्या चंद्रकळेचा तुकडा होता तो. पाठवणीच्या दिवशी जाऊबाईंनी त्यात तिला लाडू बांधून दिले होते.

उरलेले दिवस भिवरानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आमरस पानात तसाच राही. सगुणा म्हणे, "ऊन बाधलं हिला." कैरीचं सार, कांद्याचा रस, सगळे उपाय झाले.

परत निघताना त्रिंबकपंत पाठमोरे उभे राहून भावाला म्हणाले, "मथीच्या आईला घरात तुझ्या बायकोनंच सांगावं. मला ते जमायचं नाही."

गाडी दाराशी लागली. पुरुष सामान उतरवत होते. भिवरा गाठोडं पदराखाली धरून आत गेली. जाऊबाई देवघरातच होत्या. दिव्यात तेल घालून त्यांनी मान वळवली आणि तिच्याकडं नीट न्याहाळून पाहिलं.

"ये. वाळलीस ग! बागेत जाऊन माणसं फुगून येतात."

भिवरा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "जाऊबाई, मला तुम्हाला काही..."

"गुळाचं ना?" जाऊबाईंनी तेलाची बुधली फडक्यानं पुसली. "तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी देवीच्या खांद्याला मुंग्या लागल्या. देवीला गुळाचा नैवेद्य चालतो हे ठाऊक होतं मला. खांद्याला चोळतात हे नव्हतं ठाऊक."

भिवरा तिथंच खाली बसली.

"आता रडू नको. पुसला मी. कोणाला सांगणारही नाही," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि तेच भिवराला सोसवेना. "तू दोन वर्षं इथं एकटी राहिलीस. मी तिकडं आंबे खाल्ले आणि तुला एकदाही म्हटलं नाही की यंदा तू जा. मुंग्या पाहिल्या तेव्हा आधी राग आला, मग म्हटलं, जाऊ दे, तुझीही हौस होऊ दे. आठ दिवस बागेत गेले नाही तर माझं असं काय बुडालं?"

बोलता बोलता त्यांची नजर भिवराच्या पदराकडं गेली. पदर सरकला होता. काळ्या चंद्रकळेचा तुकडा दिसत होता.

जाऊबाई जवळ आल्या. त्यांनी गाठोडं घेतलं, गाठ सोडली नाही, नुसती बोटानं चाचपली.

"ही गाठ मथीची आहे," त्या म्हणाल्या. "ती अशीच उलटी मारते."

"आली होती," भिवरा म्हणाली. "एक रात्र. मी बोलले असते तर तुम्हाला आणता आलं असतं. मी बोलले नाही. तोंडाशी आलं होतं, तरी बोलले नाही."

बाहेर बैल सोडल्याचा आवाज झाला. जाऊबाईंनी गाठोडं दोन्ही हातांत धरलं. मग त्यांनी विचारलं, "उंच झालीय का ग?"

भिवरानं आपला हात उचलून कानाशी नेला. "आता मी बसलेय. उभी राहिले तर ती इथवर येते. माझ्या कानाला लागते."

"मग ऊठ," जाऊबाई म्हणाल्या.

भिवरा उठली, हात तसाच कानाशी धरून. जाऊबाईंनी त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं. भिवराचा हात भरून आला, तरी त्यांनी तो खाली येऊ दिला नाही.