बोहनी झाली की निघतोच

सदुसष्ट साली दोंडाईच्याच्या मिरची बाजारात एका गोष्टीवर दुमत नव्हतं. नगरपालिकेतले मेंबर रतिलाल यांना घरी बसवायचं! बाजारातली उघडी गटार ते दोन निवडणुकांपासून झाकत होते. तिच्यात सायकलवाल्या जीवरामची बायको कुंदाबाई पडली आणि पाय मोडून बसली. तेव्हापासून भाजी, दळण, पाणी, सगळं जीवरामकडे आलं. बाजार फार हळहळला आणि त्यानं जीवरामलाच निवडणुकीला उभं केलं. दुसऱ्याला उभं करण्यात आमचा बाजार पहिल्यापासून उदार.

मतदानाच्या दिवशी किराणावाले दीपचंदशेठ गादीवर होते.

"शेठ, चलताय ना?"

"बोहनी झाली की निघतोच, जीवरामभाऊ. पहिलं गिऱ्हाईक होण्याआधी गादी सोडणं बरं नाही."

समोर कंदीलवाले दलिचंदशेठही बोहनीच्याच वाटेवर डोळे लावून. शेजारीपाजारी तेच. पण मतदानामुळे खेड्यावरची माणसं आलीच नव्हती, गिऱ्हाईक येणार कुठून?

अकरा वाजता जीवरामच्या डोक्यात प्रकाश पडला. पिशवी घेऊन तो स्वतःच गिऱ्हाईक झाला. उधारीची बोहनी कुणी धरत नाही, म्हणून सगळीकडे रोख. दीपचंदकडून गूळ घेतला.

दीपचंदनी नाणी डोळ्यांना लावली. "शुभ हाताची बोहनी! आता बघा गिऱ्हाईक कसं सुरू होतं."

"मग चला ना!"

"सुरू होणार म्हणतोय अन् तुम्ही उठवताय?"

जीवरामनं दलिचंदकडून कंदिलाची काच घेतली.

"दीपचंद जाऊन आला की मी," दलिचंद म्हणाले. "नाहीतर माझं गिऱ्हाईक तिकडे जाईल, काचा तोही ठेवतो. अन् माझ्या एका मतानं काय होतंय? अख्खा बाजार तुमच्या मागे आहे."

चार वाजता जीवराम घरी आला तो सुंभ, चाळणी, सुपाऱ्या, उंदराचा पिंजरा घेऊन. कुंदाबाई सकाळीच काठी टेकत मत देऊन आली होती.

"इतलं काय लयनात? अन् तुमनं मत दिधं का?"

पिंजरा दारात टाकून जीवराम पळाला. मतदान केंद्राचं दार बंद होता होता त्याचं मत तेवढं पडलं.

नऊ मतांनी हरला. निकालाच्या संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बाजार जमला. एकजात सगळे सुन्न. कुंदाबाईनं चहा दिला.

"मी सांगतो, लोकांनाच किंमत नाही," दीपचंद बशी फुंकत म्हणाले. "चांगला माणूस उभा राहतो, तर लोक मत द्यायला जात नाहीत."

"घरातून हलत नाहीत लोक," दलिचंद म्हणाले.

"लोके म्हंजे कोन वो, शेठ?" कुंदाबाईनं विचारलं.

दीपचंदनी प्रामाणिकपणे विचार केला. मग हळूच दलिचंदकडे पाहिलं. दलिचंद आधीपासूनच त्यांच्याकडे पाहत होते.