पाठीतले वाकडे नाक

मित्रांनो, मी एक जुनी दगडी बाई आहे. डोक्यापासून खांद्यांपर्यंतच आहे, आणि माझे नाक विचाराल तर ते केव्हाच हरवले. पण माझी गोष्ट मात्र नाकाचीच आहे.

आज ज्या देशाला स्पेन म्हणतात, तिथे समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर इबेरियन लोकांचे टेकडीवरचे एक गाव होते. तिथल्या एलांदुस नावाच्या पाथरवटाने मला घडवले. म्हाताऱ्याला ऐनवेळची घाई खपत नसे, म्हणून कोणी मरायच्या आधीच तो चेहरे करून ठेवी. बदामी डोळे, सरळ नाक, मिटलेले पातळ ओठ, कानांवर चाकांसारखी मोठी भूषणे, सगळे अंगठ्याने मोजून एकसारखे. पाठीत एक कोनाडा असे, गेलेल्या माणसाची राख ठेवायला. अशा आम्ही तिघीजणी त्याच्या अंगणात उभ्या होतो. आपण कोणाची आई होणार, कोणाची बायको होणार, याचे मला फार कुतूहल होते.

एके दिवशी सकाळी सिकाउनिन नावाची विणकरीण आली. तिची आई तीन दिवसांपूर्वी गेली होती. राखेचे मडके तिने पोटाशी धरले होते.

"तीन बायका तयार आहेत," एलांदुस म्हणाला. "हवी ती घे."

तिने आम्हा तिघींना निरखून पाहिले. मग माझ्यापुढे थांबली.

"काका, ही माझी आई नाही. आईचं नाक डावीकडे वाकडं होतं. खेचराने लाथ मारली होती ना!"

"मला नको सांगूस. त्या खेचराला मीच पकडलं होतं. आता मेल्यावर तरी बिचारीला सरळ नाक मिळू दे की!"

सिकाउनिन हसली नाही. "बाबा आधीच गेलेत. ते तिकडे तिची वाट बघत असतील. ही सरळ नाकाची बाई समोरून गेली तर ते ओळखायचेसुद्धा नाहीत. ती कुठे जाईल मग?"

सिकाउनिन माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि मडके काही खाली ठेवीना. उद्या राख ठेवायची होती, सगळे गाव जमणार होते.

"पोरी, थडग्यांच्या वाटेवर उभं राहणारं तोंड सरळच लागतं, तशी रीत आहे," एलांदुस हळूच म्हणाला. "आणि लोक म्हणतील, एलांदुसचा हात थरथरायला लागला."

"थरथरतोच की तुमचा हात."

"म्हणून तर!"

थोड्या वेळाने त्याने मला भिंतीपासून फिरवले आणि बारीक छिन्नी तिच्या हातात दिली. "राख इथे आत बसणार. तुझा बाप आला तर शोधायला आतच येईल ना? बाहेरचं तोंड गावासाठी असू दे."

कोनाड्यात हात घालून तिने एक रेघ कोरली. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. म्हाताऱ्याने वाकून पाहिले.

"एवढंच वाकडं? लाजू नकोस, अजून वाकव."

तेव्हा कुठे ती हसली, आणि हसता हसता रडली. मला वाटले, आता मी कोणाची तरी झाले.

माझ्या ओठांना तांबडा रंग लावून मला वाटेवर बसवले. येणारेजाणारे म्हणत, काय सरळ नाक आहे! मला आतल्या आत गंमत वाटे. सिकाउनिन दर सुगीला येई, समोरून न थांबता मागे जाई आणि कोनाड्याच्या झाकणावर हात ठेवी. पुढे तीही यायची थांबली.

नंतर वाईट दिवस आले. कोणी आम्हाला पाडले आणि का, हे मला कळले नाही, कारण मी तोंडावर पडले होते. नाक तेव्हाच गेले. झाकण फुटले, राख सांडली. माझा तुकडा दुसऱ्या कोणाच्या थडग्यात फरशीसारखा बसवला. कित्येक शतके मी मातीत होते आणि माझ्या कानाजवळ बदामाची मुळे वाढत होती.

आता मी संग्रहालयात आहे. मुले माझ्यासमोर आपापली नाके चाचपून बघतात. कोणाचे बसके असते, कोणाचे लांब असते, आणि मला ती सगळी बघायला आवडतात. माझ्याखालच्या पाटीवर मात्र लिहिले आहे, 'हा चेहरा कोणा एका व्यक्तीचा नाही.' माझी पाठ भिंतीला लागून आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, पण नुसते तोंड पुसून थांबू नका. मला एकदा भिंतीपासून फिरवा. कोनाडा घासू नका, त्या रेघेत अजून थोडी राख अडकलेली आहे. दिवा धरून बघा, आणि डावीकडे वळलेले ते नाक दिसले की पाटी बदला. सिकाउनिनचे बाबा येऊन गेले की अजून यायचे आहेत, हे मला माहीत नाही. ते आले, तर त्यांना तिची आई सापडली पाहिजे.