पाद्रीसाहेबांचा वाळका पाला

लुथरन पाद्री योहान लिंडेमान यांनी शंभर वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या रानात धर्म कमी पसरवला, झाडंझुडपं जास्त गोळा केली. त्यांतल्या एका नामशेष ऑर्किडचा जगातला एकमेव नमुना कोल्हापुरात, आमच्या कॉलेजच्या कपाटात होता.

पाद्रीसाहेबांच्या जयंतीच्या सकाळी वनस्पतिशास्त्राच्या तेजस्वी मॅडमना ते कपाट रिकामं दिसलं. त्यांनी शिपायाला गाठलं.

"जोतीराममामा, कागदांवर चिकटवलेली, खाली नाव-ठिकाण लिहिलेली झाडं कुठायत?"

"तो वाळका पाला व्हय? पेटवला की. प्राचार्यच म्हणालं, साहेबांचा फोटू ठेवायला जागा करा."

तेवढ्यात प्राचार्यांनी झेंडूचा हार पुढं केला. "घाला, मॅडम. तुमचाच विषय."

मॅडमनी हारातलं एक फूल तोडून कोऱ्या कागदावर चिकटवलं आणि कागद फोटोला टेकवून ठेवला. खाली पेन रुतवून लिहिलं होतं : 'झेंडू. सापडला प्राचार्यांच्या हातात. जाळू नये.'