रुळातली ठण

जुन्या स्टेशनावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची, आणि गाडी म्हणाल तर एकही नाही! इथून वाफेचं शेवटचं इंजिन धावलं त्याला वर्षं लोटली होती. विजेच्या गाड्या नव्या मार्गाने गेल्या, इथले रूळ गंजत पडले. गर्दी होती ती रूळबाबासाठी. गेलेली माणसं म्हणे त्याच्या रुळातून बोलतात!

"कान लावा, लेकरांनो!" बाबा गरजायचा. "आत्मा म्हणजे वाफच! आणि वाफेला हा रस्ता पाठ आहे!" मग लोखंडी टोकाची काठी रुळावर आपटून तो आत्म्याला जागं करायचा. रुळातून परत एक ठण आली की हो, दोन आल्या की नाही.

गर्दीत विज्ञान शिकवणाऱ्या निवृत्त बाईही असत. ते शेवटचं इंजिन त्यांच्याच यजमानांनी चालवलं होतं. त्या दिवशी बँड वाजला, फोटो निघाले, आणि काजळलेल्या तोंडाने खाली उतरत ते म्हणाले, "घे, गेली एकदाची तुझी सवत!" पुढे तेही गेले. घरी आले की ते दारावर एकच टकोरा मारायचे. आता दार कुणीच वाजवत नव्हतं.

लोखंडातून आवाज लांबवर जातो, हे बाईंनी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. बाबा काठी जितक्यांदा आपटतो तितक्याच ठणा येतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ताडलं होतं. तरी त्या रोज येऊन थंड रुळाला कान लावत. खोटा तर खोटा, टकोरा तरी होता! रिकाम्या घरात तेवढंही नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांची शेजारीण पुढे झाली. शिवणकामावर घर चालवणारी विधवा. तिच्या मुलीला फिट यायच्या, गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या.

"बाबा, पोरीच्या वडिलांना विचारा ना. गोळ्या बंद करून तुमचं मंतरलेलं पाणी देऊ का?"

काठी एकदा आपटली. ठण!

"हो म्हणाले!" शेजारणीने गोळ्यांची पाकिटं बाबाच्या पायाशी ठेवली.

आता तोंड उघडलं तर उद्यापासून तो टकोराही नाही. तरी बाई उठल्या.

"द्या बघू ती काठी. मलाही विचारायचंय."

"हात लावाल तर भस्म व्हाल!"

"माझी लाकडं गेलीच आहेत मसणात," असं म्हणत बाईंनी काठी हिसकावली. "हा बाबा लबाड आहे का हो?" त्यांनी ती एकदा आपटली.

"हो म्हणतोय की!" रुळाला कान लावलेला हमाल ओरडला.

"आणि याच्या अंगात काही शक्ती?" दोनदा.

"नाही म्हणतोय! अहो, आत्माच फितूर झाला!"

गर्दीत खसखस पिकली. बाई रुळाच्या कडेने चालू लागल्या, मागोमाग सगळे. वळणापलीकडच्या मोडक्या केबिनपाशी एकजण रुळाला कान लावून, हातात हातोडा घेऊन बसला होता. काठीचे ठोके ऐकायचे आणि तितकेच परत मारायचे, एवढीच त्याची नोकरी. वर न बघताच तो म्हणाला, "काय दाजी, आज लवकर सुट्टी?"

दाजींनी केव्हाच पोबारा केला होता.

"पहिली गाडी निघाली तेव्हा लोक म्हणत, एवढ्या वेगात माणूस गुदमरेल," बाई म्हणाल्या. "कुणीतरी बसून बघितलं, म्हणून आपण बसतो. असंच बघायचं, विचारायचं. गेलेलं माणूस बोलत नाही हो. मलाही ते सोसत नाही. पण म्हणून जित्या पोरीचं औषध तोडायचं?"

शेजारणीने स्टेशनावर परत येऊन पाकिटं उचलली. डोळे पुसत म्हणाली, "बाई, माझ्या नवऱ्याला तुम्ही दुसऱ्यांदा मारलंत."

"माझ्याही," बाई म्हणाल्या.

घरी परतताना बाईंसोबत कुणी नव्हतं. आत येऊन त्या दिवा न लावताच बसून राहिल्या.

दारावर धडाधड थापा पडल्या. यजमान असं कधीच वाजवत नसत. बाईंनी दार उघडलं. शेजारची पोर उभी होती.

"बाई, गोळी घेतली मी! आई म्हणाली, त्यांच्याशी बोलत बसू नकोस, नुसतं सांगून ये."