कॉपी कुठून घेतली

लिफ्टचा मेकॅनिक लिफ्टखालच्या खड्ड्यात चिरडून मेला, त्याला आठ दिवस झाले होते. ब्रेकचा नवा प्रोग्राम माझ्या धाकट्या भावाने बसवलेला, म्हणून सगळं त्याच्यावरच शेकत होतं. वर हा ठोंब्या तोंडातून अक्षर काढेना. ‘प्रोग्रामची कॉपी कुठून घेतली?’ असं चौकशी अधिकाऱ्यांनी दहादा विचारलं, तरी मान खालीच.

माझं डोकं फिरलं. कंपनीच्या सर्व्हरवरूनच घेतली असणार, म्हणजे चूक कंपनीची. चोर सोडून संन्याशाला सुळी! त्याच कंपनीत मी अकरा वर्षं राबत होते, मला कोण शिकवणार? चौकशीला मी त्याच्या शेजारीच बसले होते, आणि त्याचा लॅपटॉप समोर टेबलावरच होता.

“साहेब, दोन मिनिटांचं काम आहे,” मी म्हटलं. “कॉपी जिथून उतरवली तो पत्ता फोल्डरमध्येच नोंदलेला असतो.”

“ताई, राहू दे ना,” भाऊ म्हणाला.

“आठ दिवस गप्प आहेस ना? अजून दोन मिनिटं बस.”

अधिकाऱ्यांचा फोन वाजला, ते बोलत बाहेर गेले. मी फोल्डर उघडला, पत्ता दाखवणारी ‘गिट रिमोट डॅश व्ही’ ही कमांड टाइप करून एंटर दाबलं. पत्ता आला. तो सर्व्हरचा नव्हता. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा होता.

आमच्या मजल्यावर सर्व्हर मुंगीच्या पावलांनी चालतो. म्हणून मीच सगळ्यांना सांगायची, “माझ्याकडून घ्या रे, काय जातंय!” आणि चाचणीत अडथळा नको म्हणून माझ्या कॉपीत ब्रेकची तपासणी मी बंद करून ठेवली होती. परत चालू करायची राहून गेली. माणूस माझ्यामुळे मेला होता.

भाऊ कानाशी वाकला. “बदल तो पत्ता. एका ओळीचं तर काम आहे. आईला अंघोळ तूच घालतेस, मला ती हात लावू देत नाही. मी जातो तुरुंगात.”

याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली. बोटं कीबोर्डवरच होती.

अधिकारी परत आले. “काय निघालं, मॅडम?”

“माझं मशीन,” मी म्हणाले आणि पत्ता एकेक अक्षर वाचून दाखवला. ते लिहीत गेले. भाऊ तोंड झाकून रडायला लागला.

“पाणी आधी पायांवर घाल तिच्या,” मी त्याला सांगितलं. “एकदम डोक्यावर ओतलं की घाबरते ती.”