मी ऐकलेला ‘हाय’

हॅलो, हॅलो... ऐकू येतंय ना? मित्रांनो, दचकू नका. आजवर लोक माझ्यापुढं उभं राहून बोलत आले. आज मीच बोलायचं ठरवलं आहे. मी कंधारजवळच्या एका माध्यमिक शाळेतला जुना माईक आहे. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूनं चेपली आहे. अंगावरचा काळा रंग हातांच्या घामानं उडाला आहे आणि वायरीला चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या आहेत. पण माझा आवाज अजून खणखणीत आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट पाहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

माझा जन्म दिल्लीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं, एक लोहचुंबक आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा बसवला गेला. कोणी बोललं की तो पडदा थरथरतो. तेच माझं काळीज म्हणा. पुढं नांदेडच्या एका दुकानातून शाळेच्या दगडोबा मामांनी मला आणलं. मामा शाळेचे शिपाई. एस.टी. खच्चून भरली होती, तरी त्यांनी माझं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरनं विचारलं, “मामा, लेकरू हाय का काय खोक्यात?” मामा म्हणाले, “हाव, शाळेचं लेकरू हाय.” इकडच्या मातीतला ‘हाय’ मी पहिल्यांदा ऐकला तो असा, स्वतःच्याच बाबतीत.

शाळेत माझा थाट होता. रोजची प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार माझ्यातून. मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदनाची भाषणं माझ्यातून. गावात लग्न असलं की मला उसनं नेत आणि मग “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं” असं ओरडून ओरडून माझा घसा बसे. अशाच एका मांडवात मी पडलो आणि जाळी चेपली. ते दुःख मी गिळलं. पण मित्रांनो, बोलण्याआधी माणूस माझ्या टाळक्यात टपल्या का मारतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तुमच्या डोक्यात टपली मारून कोणी ‘हॅलो, हॅलो’ केलं तर तुम्हाला चालेल का?

आता अंजूची गोष्ट सांगतो. अंजू म्हणजे शाळेच्या कुंपणापलीकडं ज्यांचं रान आहे, त्या बसलिंगप्पांची मुलगी. आठवीत असताना तिची सुविचार सांगायची पाळी आली. ती माझ्यापुढं उभी राहिली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, “आजचा सुविचार असा हाय...” मैदानावर हशा पिकला. रविकिरण सर पुढं आले. सर लातूरचे, इंग्रजी आणि भूगोल शिकवणारे, मनानं सोन्यासारखे. पण शुद्ध बोलण्याचं त्यांना भारी वेड. ते हळूच म्हणाले, “अंजू, हाय नाही, आहे. परत म्हण.” अंजूनं मान हलवली, श्वास घेतला आणि घाईघाईत म्हणाली, “आजचा सुविचार असा हाय...” मग तर विचारूच नका. हसणंही माझ्यातूनच गेलं, दुप्पट होऊन कर्ण्यातून बाहेर पडलं. अंजूचे डोळे भरून आले. सुविचार अर्धाच राहिला. त्या दिवशी ती माझ्यापुढून गेली ती पुन्हा आली नाही. वर्गातही तिनं तोंडाला कुलूप लावलं. सर प्रश्न विचारत आणि तिला उत्तर येत असूनही ती खाली बघत बसे. मला फार वाईट वाटायचं.

पुढं माझंही तेच झालं. शाळेत बिनवायरीचा चकचकीत माईक आला आणि मला क्रीडासाहित्याच्या कपाटात लेझमांशेजारी जागा मिळाली. गरज सरो, वैद्य मरो! लेझमा बिचाऱ्या वर्षातून दोनदा तरी बाहेर निघत. मी मात्र धूळ खात पडलो. तिकडं अंजू गप्प, इकडं मी गप्प.

माझं नशीब उघडलं ते जपानमुळं. रविकिरण सरांचे मित्र महांतेश उदगीरचे. नोकरीनिमित्त ते जपानमधल्या एका डोंगराळ गावात राहतात. तिथल्या शाळेला परदेशातल्या मुलांशी ओळख करून घ्यायची होती. महांतेशनी सरांना विचारलं आणि सर एकदम हो म्हणाले. मुलांनी जग फक्त नकाशावर पाठ करू नये, जगात आपलं माणूस असावं, असं त्यांना फार वाटे. संगणकाच्या पडद्यावर भेट ठरली. पण संगणकाला फक्त पंख्याची घरघर ऐकू जाई आणि नव्या माईकचा आवाज घुमे. तेव्हा दगडोबा मामांनी मला कपाटातून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाले, “सर, ह्यो घ्या जुना गडी. ह्यो न्हाई धोका द्यायचा.” कंधारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुळणारी पिन आली. स्टँड मोडका होता, म्हणून मला हातात धरायला कोणीतरी हवं होतं. मामांनी कोपऱ्यात बसलेल्या अंजूला हाक मारली. “तुला बोलायचं न्हाई ना? मग धर ह्येला.” असे आम्ही दोघं पुन्हा एकत्र आलो.

पहिली भेट मात्र पार फसली. पडद्यावर जपानची मुलं दिसली. त्यांचा आख्खा वर्ग आमच्या दोन बाकांवर मावेल एवढाच. एक गोल चेहऱ्याची मुलगी पुढं आली, स्वतःच्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, “काहो.” आमची मुलं एकमेकांकडं बघायला लागली. कोणी म्हणालं, “सर, का हो म्हणून राहिली ती. काय सांगू?” दुसरं म्हणालं, “नाक दुखून राहिलं असंल तिचं.” ते तिचं नाव आहे आणि तिकडं ‘मी’ म्हणताना नाकावर बोट ठेवतात, हे आम्हाला महांतेशकडून नंतर कळलं. मग वर्गातल्या हुशार रुद्रेशनं कंधारच्या किल्ल्यावरचा इंग्रजी निबंध घडाघडा म्हटला. पलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जिवाचा कान करून बसलो होतो, पण पाठ केलेलं संपल्यावर कोणालाच काही सुचेना.

त्यांच्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत नम्रपणे सांगितलं, की आमची उन्हाळ्याची सुट्टी ऑगस्टात असते, ती संपल्यावर आणखी एकदा भेटू. मुलं बोलली नाहीत तर मग उगाच तुम्हाला त्रास नको. आमच्या मुख्याध्यापिका वर्षाराणी मॅडमही म्हणाल्या, “सर, एकदाच बरं का. नाही जमलं तर मग बंद.” सर हिरमुसले. मीही घाबरलो. ही मैत्री तुटली की मी पुन्हा कपाटात आणि अंजू पुन्हा कोपऱ्यात, हे मला दिसत होतं.

सप्टेंबरात दुसरी भेट झाली. आमची शाळा नुकती भरली होती आणि तिकडं जेवणाची सुट्टी होती. मुलं वर्गातच जेवत होती. काहोनं एक वाटी उचलून पडद्याजवळ धरली. वाटीत लव असलेल्या हिरव्या शेंगा होत्या. ती काहीतरी लांबलचक बोलली आणि उत्तराची वाट बघू लागली. रुद्रेशच्या निबंधात शेंगा नव्हत्या. सरांनी घाम पुसला.

आणि माझ्या अगदी जवळून आवाज आला, “आगं माय! सोयाबीन हाय की ते!”

अंजूच्या तोंडून ते निसटलं होतं. मी हातातच असल्यामुळं ते थेट समुद्रापार गेलं. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. अंजूनं जीभ चावली. ती मला खाली ठेवणार एवढ्यात पलीकडून काहो आनंदानं ओरडली, “हाय! हाय! सोयाबीन!”

अंजूनं मला पुन्हा तोंडाशी नेलं आणि चाचरत विचारलं, “हाय?”

“हाय!” काहो म्हणाली.

“हाय!” तिच्या मागची सगळी मुलं म्हणाली.

रुद्रेश उठून उभाच राहिला. “सर, ह्यांना आपलं मराठी येतंय! ते बी कंधारचं!”

सर हसता हसता खुर्चीत बसले. त्यांच्या बाईंनी सांगितलं, की जपानी भाषेत ‘हाय’ म्हणजे ‘होय’. सरांनी सांगितलं, की आमच्याकडं ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. एवढं होईपर्यंत अंजू मला रुद्रेशच्या हातात कोंबून पळाली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बसलिंगप्पांच्या रानातलं सोयाबीनचं आख्खं झाड होतं, मुळाला काळी माती लोंबत होती. काहो टाळ्या पिटत उठली. तिची आजी भातशेतीच्या बांधावर हेच पीक घेते म्हणे. तिनं त्यांच्या बाईंकरवी विचारलं, तुम्ही हे कसं खाता? सरांनी प्रश्न मराठीत सांगितला. अंजू म्हणाली, “आम्ही खात न्हाई. सगळं मोंढ्याच्या बाजारात इकतो.” सरांनी ते इंग्रजीत सांगितल्यावर तिकडची मुलं एका सुरात “एऽऽ?” करून ओरडली आणि आमचीही “एऽऽ!” करून हसायला लागली. त्या दिवशी वेळ संपली तरी बोलणं संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी दगडोबा मामांनी खिचडीच्या चुलीवर मीठ घालून शेंगा उकडल्या. खरं सांगतो, निम्म्या मुलांनी तोंडं वाकडी केली. मामा म्हणाले, “भुईमूग बरा बाबा आपला.” पण आपल्या रानातलं पीक कुठं, कोण, कसं खातं, हे पोरांच्या डोक्यात शिरलं ते कायमचं. आणि सर अंजूला म्हणाले, “त्या दिवशी तुझा सुविचार माझ्यामुळं अर्धा राहिला. उद्या पुरा कर. पेपरात ‘आहे’ लिही, बोलताना ‘हाय’ म्हण. दोन्ही आपलेच.” अंजूनं तो पुरा केला, माझ्यातूनच. कोणी हसलं नाही.

मग दर महिन्याला भेट होऊ लागली. अंजू जपानी शब्द शिकली, काहो “लई भारी” म्हणायला शिकली.

आणि मागच्या थंडीत एका सकाळी टीव्हीवर बातमी आली, जपानमध्ये मोठा भूकंप. काहोच्या गावाचाच भाग होता. पूर्वी ही बातमी आमच्या मुलांनी सामान्यज्ञानाच्या वहीत उतरवून घेतली असती. आता कोणी वहीला हात लावला नाही. मित्रांनो, आमच्या भागानंही त्र्याण्णवचा भूकंप पाहिलाय, एका रात्रीत गावंच्या गावं गाडली गेली. दगडोबा मामा पायरीवर बसून राहिले. “आमी बघितलंय ते,” एवढंच म्हणाले. सरांना महांतेशचा निरोप आला, की मी दूर दुसऱ्या शहरात आहे, पण गावाशी संपर्क होत नाही. दिवसामागून दिवस गेले. सर रोज मधल्या सुट्टीत संगणक लावत, अंजू मला हातात धरून बसे आणि पडदा काळाच राही.

एके दिवशी पडदा काळाच होता, पण संगणकाच्या स्पीकरमधून खरखर ऐकू आली. सर म्हणाले, “जोडलंय बहुतेक. बोल.” अंजूला पाठ केलेलं इंग्रजी आठवलं नाही, जपानीही आठवलं नाही. ती आपल्या बोलीत एवढंच म्हणाली, “काहो हाय का?”

खरखर चालूच राहिली. माझा पडदा कधी इतका थरथरला नव्हता. अंजूनं पुन्हा विचारलं, “काहो... हाय का?”

आणि लांबून, अगदी बारीक, पण काहोच्याच आवाजात उत्तर आलं, “हाय.”

अंजू मला छातीशी धरून रडायला लागली. त्यामुळं मित्रांनो, त्या दिवशी मी समुद्रापार पाठवला तो फक्त तिच्या काळजाचा ठोका. पलीकडच्यांना तो समजला असणार.

आता माझं मागणं थोडकंच आहे. माझी वायर ओढू नका, मला उन्हात टाकू नका. माझ्यापुढं उभं राहून जो पहिल्यांदा बोलतो, त्याला तर माझ्याहूनही जपा. तो ज्या बोलीत बोलेल त्या बोलीत त्याला बोलू द्या. आणि मी चालू आहे की बंद, हे बघायला माझ्या डोक्यात टपल्या मारू नका. नुसतं विचारा, “हाय का?”

मी हाय.