मायला दिसलं ते

प्रियदर्शनीला शर्यत जिंकायची नव्हतीच. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोण जिंकतंय? तिला हिंगोलीहून कळमनुरीपर्यंत न थांबता पळायचं होतं, आणि वाटेत माहेर लागलं की छातीवर नंबर लावून मायच्या दारासमोरून जायचं होतं. गोजरबाईंना लेकीच्या पळण्याचं एकच माहीत होतं, की तिला घरी काम नाही.

म्हणून आतला डांबरी रस्ता हिनंच सुचवला. पळणाऱ्यांच्या क्लबचा म्होरक्या नचिकेत, दातांचा डॉक्टर, त्यानं विचारलंही, "ताई, रहदारी?"

"सकाळच्या पारी त्या रस्त्यावर कुत्रं नसतं," ही ठसक्यात म्हणाली.

कुत्रं नसतंच. पण ऑक्टोबरात त्या रस्त्यावर सोयाबीन असतं. सगळं गाव डांबरावर वाळवण घालतं, गाड्यावाले बिचारे कडेकडेनं जातात. लहानपणी हिनंच पायानं ओळी ओढत ते दाणे हलवलेले होते. वीस वर्षं शहरात नळाच्या वेळा पाठ करण्यात बाई नेमकं तेवढंच विसरली. आणि मायला अचानक दिसावं म्हणून भावालाही फोन केला नाही.

अर्ध्याहून जास्त अंतर छान गेलं. श्वास लागला होता, पण मोडला नव्हता. वळणावर गावचं देऊळ दिसलं तेव्हा तिनं टोपी सारखी केली. पुढच्याच पावलाला पाय घसरला.

सोयाबीनचा दाणा डांबरावर छर्र्यासारखा असतो. ती गुडघ्यावर आपटली, तळहात सोलले, तोंड दाण्यांत गेलं. मागचे दोघं तिच्यावर कोसळले. पुढं नचिकेत आणि त्याची टोळी दुसऱ्याच्या राशीतून खसाखसा तुडवत चालली होती. तेवढ्यात घराघरांतून माणसं धावली. कुणाच्या हातात खराटा, कुणाच्या हातात चप्पल.

"अरे तुमच्या मायला! दाणे हायेत ते, खडी न्हाई!"

पहिला बांबू तिच्याच पाठीत बसला. असा की डोळ्यांपुढं काळं झालं. दुसरा खांद्यावर. तिसऱ्यासाठी बांबू उचलला गेला, तेव्हा तिनं मान वळवून मारणाऱ्याकडं पाहिलं.

"उकंड्या!"

बांबू वरच राहिला. धाकटा भाऊ उकंडराव तिच्या टोपीकडं, काळ्या चष्म्याकडं, घट्ट पँटीकडं बघत राहिला.

"अक्का? आन् ह्ये काय घातलंय तू?"

पाठ फुटली तरी हिला हसू येणार होतं. पण नचिकेत मागं फिरला होता. बाईमाणसाला मारताना त्यानं पाहिलं, बाकी काही त्याला कळायचं कारण नव्हतं. त्यानं धावत येऊन उकंडरावच्या पोटात लाथ घातली. उकंडराव दुमडून पडला. नचिकेत त्याच्या छातीवर बसला आणि ठोसे घालायला लागला, एकामागून एक. ओठ फाटला, भुवईतून रक्त आलं.

"सोड! भाऊ हाय माझा!" ती ओरडली. गलक्यात कुणाला ऐकू जातंय?

मग नचिकेत उठला. दम खात त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि समोरची, उकंडरावचीच, भरली रास पायानं नालीत ढकलली. एकदा नाही. पुन्हा पुन्हा, पार तळ दिसेपर्यंत. खाली काळं पाणी होतं. दाणे त्यात बुडबुडत गेले.

बांबू रस्त्यावरच पडला होता. प्रियदर्शनीनं तो उचलला तेव्हा शर्यत, नंबर, क्लब, सगळं डोक्यातून गेलं होतं. पहिला फटका तिनं त्याच्या पाठीत घातला. तो वळला, "ताई, अहो मी..." म्हणाला, आणि दुसरा तोंडावर बसला. दातांच्या डॉक्टरचा पुढचा दात रस्त्यावर पडला. तरी तिचा हात थांबेना. मनगटावर, गुडघ्यावर, मिळेल तिथं. तो हात डोक्यावर धरून खाली बसला तरी ती मारतच होती, आणि तोंडातून कसला आवाज निघतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

शेवटी रक्ताळलेल्या उकंडरावनंच तिला मागून कवळा घातला. "अक्का, सोड. मरंल त्यो."

शर्यतीची गाडी आली. नचिकेत तोंडावर रुमाल धरून "पोलीस केस करतो" म्हणत आत बसला. गाडीतल्या पोरीनं खाली उतरून प्रियदर्शनीच्या छातीवरचा नंबर काढून घेतला, अगदी हळू, टाचणी लागू नये म्हणून. गुडघा तोवर भोपळ्याएवढा सुजला होता. कळमनुरी त्याच रस्त्यानं पुढं होती. तिनं एक पाऊल टाकून बघितलं, आणि मायच्या ओट्याचा दगड धरून खाली बसली.

गलका ऐकून गोजरबाई चुलीपासून उठून आल्या होत्या, त्या नेमक्या दुसऱ्या फटक्याला. आता त्या हळद-तेल गरम करून लेकीच्या गुडघ्यावर चोळत होत्या. बघायला जमलेल्या बायांना सांगताना हात जोरात चालत होता.

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं न. असा हाणला, असा! दात गेला त्याचा. नोकरीवाली हाय, पण हात शेतकऱ्याचाच हाय पोरीचा."

शेजारी उकंडराव फुटक्या ओठानं नालीतले दाणे सुपानं काढून राहिला होता. प्रियदर्शनीनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"माय," ती म्हणाली, "मी पळत आले होते. हिंगोलीहून. एकदाबी थांबले न्हाई."

"व्हय का," गोजरबाई म्हणाल्या. "पाय वर घे. आन् मग, द्वारकाबाई, दुसरा हाणला त्यो..."